सुट्टीनंतर बस सेल्फ घेत नाही: नवीन बॅटरी आणण्याआधी हे तपासा

जून उजाडला की दरवर्षी तीच तक्रार. शाळेची बस दीड महिना शेडमध्ये उभी होती, आज चावी फिरवली तर फक्त टक करून गप्प बसली. मग कुणीतरी दुसऱ्या गाडीची बॅटरी आणून लावतो, बस सुरू होते, दोन दिवस चालते, शनिवार-रविवार उभी राहिली की सोमवारी परत तेच, आणि शेवटी संस्था नवीन बॅटऱ्यांचं बिल पास करते, आणि पुढच्या वर्षी त्या नवीन बॅटऱ्यांचीही तीच गत. मी आमच्या संस्थेच्या गाड्या बघतो म्हणून बसबद्दल लिहितोय, पण ट्रस्टची मिनीबस, दिंडीचा ट्रक, महिन्यातून एकदा निघणारा पाण्याचा टँकर, गावाची रुग्णवाहिका, या सगळ्यांना हे तसंच्या तसं लागू आहे.

माझं म्हणणं एकच आहे. बॅटरी सेल्फ मारल्याने उतरत नाही, गाडी उभी असताना उतरते. त्यामुळे उभ्या गाडीत करंट कुठे जातोय हे सापडेपर्यंत नवीन बॅटरी घेणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतत राहणं आहे.

आकडे मांडून बघा, लगेच पटेल. मोठ्या बसचा सेल्फ साधारण ४०० अँपिअर खेचतो असं धरा आणि पाच सेकंद मारला, तरी बॅटरीतून गेले किती तर साधारण अर्धा अँपिअर-तास (एक अँपिअर तासभर चालला की एक अँपिअर-तास). १०० अँपिअर-तासाच्या बॅटरीला हे काहीच नाही, गाडी थोडी चालली की भरून निघतं. आता दुसरी बाजू. गाडीत सगळं बंद आहे पण कुठूनतरी ०.३ अँपिअर चाललाय, म्हणजे दिवसाला ७ अँपिअर-तासांपेक्षा जास्त. आठवड्यात अर्धी बॅटरी गेली. आणि अगदी निरोगी गाडीतसुद्धा घड्याळ, ईसीयूची (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरची) मेमरी, जीपीएस ट्रॅकर असं मिळून ५० मिलिअँपिअर जातातच, ते ४५ दिवसांत ५४ अँपिअर-तास होतात. म्हणजे काहीही बिघाड नसताना, फक्त केबल जोडलेली ठेवली म्हणून, मे महिन्याच्या सुट्टीत बॅटरी निम्म्यावर येणार. त्यात विदर्भ-मराठवाड्यातलं ४२-४४ डिग्रीचं ऊन, उन्हात बॅटरी आपली आपणसुद्धा जास्त वेगाने उतरते. आणि उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की प्लेटांवर सल्फेटचा थर घट्ट बसतो, मग नंतर कितीही चार्ज करा, पहिल्यासारखी ती परत होत नाही. दोन सुट्ट्यांत बॅटरी संपते ती अशी.

आता तपासणीला लागू. आधी हातात पाना घेऊ नका, कान द्या. चावी फिरवल्यावर नेमकं काय होतं हे ड्रायव्हरला नीट विचारा, "सुरू होत नाही" एवढ्यावर भागत नाही.

डॅशबोर्डचे दिवेच लागत नाहीत, म्हणजे करंट आतपर्यंत येतच नाही. मेन कटऑफ स्विच बघा (बऱ्याचदा तोच कुणीतरी बंद केलेला असतो), टर्मिनल ढिलं आहे का बघा, मोठा फ्यूज बघा. दिवे लागतात पण सेल्फ मारला की सगळे मंद होऊन टकटकटकटक असा आवाज येतो, तर बॅटरी उतरलीय किंवा टर्मिनलला संपर्क नीट नाही. एकदाच जोरात टक, आणि दिवे तसेच लख्ख राहतात, तर बॅटरीला दोष देऊ नका, सेल्फच्या सोलेनॉइडचे (सेल्फला करंट जोडणाऱ्या मोठ्या स्विचचे) पॉइंट किंवा सेल्फचे ब्रश बघा. दिवे लख्ख आणि आवाजच नाही, तर स्टार्टर रिले, चावीचा स्विच, न्यूट्रल किंवा क्लचचा सेफ्टी स्विच, बारीक वायर. आणि शेडमध्ये उभ्या गाडीच्या बारीक वायरी म्हटलं की उंदीर, हे कायम डोक्यात ठेवा, बॉनेट उघडून लेंड्या दिसतात का बघा, मग हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, हाताने चाचपत जा. सेल्फ नुसताच घूंऽऽ करून फिरतो, इंजिन फिरत नाही, तर सेल्फचं दातेरी चाक (पिनियन) इंजिनच्या मोठ्या चाकाला (फ्लायव्हीलला) लागत नाहीये. इंजिन व्यवस्थित जोरात फिरतंय पण पेटत नाही, तर भाऊ, तो बॅटरीचा विषयच नाही, डिझेलचा आहे, त्यावर खाली लिहिलंय.

मग मल्टिमीटर. तीन-चारशे रुपयांत मिळतो, प्रत्येक संस्थेच्या ऑफिसात एक पाहिजेच. गाडी कमीत कमी चार-पाच तास उभी असताना, किंवा नुकतीच चार्ज केली असेल तर हेडलाईट मिनिट-दोन मिनिटं लावून बंद करून थोडं थांबून, बॅटरीच्या दोन टोकांवर व्होल्टेज घ्या. १२.६ च्या वर असेल तर भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली गेली की ती जवळपास रिकामीच समजा. १०.५ च्या आसपास दिसतेय आणि रात्रभर चार्ज करूनही वर येत नाही, तर बहुतेक एक सेल शॉर्ट झालाय, ती बॅटरी गेली.

आता मोठ्या बस-ट्रकला २४ व्होल्ट असतात, म्हणजे १२ च्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या. इथे लोक दोन्हींचं मिळून एकदम मोजतात, २४.६ आलं, म्हणतात ठीक आहे. असं करू नका. दोन्ही वेगवेगळ्या मोजा. कारण २४.६ म्हणजे १२.३ आणि १२.३ असू शकतं, आणि १२.८ आणि ११.८ सुद्धा असू शकतं, आणि या दोन गोष्टींचा अर्थ पूर्ण वेगळा आहे.

हे दुसरं जे आहे ना, एक बॅटरी ठणठणीत आणि एक मेलेली, ते आमच्या एका बसला झालं होतं आणि त्यावर जरा सविस्तर लिहितो कारण हे फार ठिकाणी होतं आणि फार थोड्यांना कळतं. त्या बसच्या बॅटऱ्या बदलून झाल्या तरी काही महिन्यांत परत तेच, प्रत्येक वेळी तीच बॅटरी उतरलेली, आणि तिच्या शेजारच्या बॅटरीचं पाणी मात्र सारखं कमी व्हायचं. अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा डायनॅमो) तपासला, चार्जिंग बरोबर. शेवटी बॅटरीच्या डब्यात हात घालून एकेक वायर बघितली तेव्हा दोन्ही बॅटऱ्यांना जोडणाऱ्या मधल्या पट्टीवरून एक लाल वायर गेलेली दिसली. कॅमेरा बसवणाऱ्याने कॅमेऱ्यांचा डीव्हीआर (रेकॉर्डिंगचा डबा) १२ व्होल्टचा म्हणून सरळ खालच्या एका बॅटरीवरून सप्लाय काढला होता. आता होतं काय, की तो डीव्हीआर फक्त त्या एका बॅटरीतून खातो, पण अल्टरनेटर दोघींना एकाच माळेत चार्ज करतो, दोघींतून करंट सारखाच जातो. जिच्यातून जास्त गेलंय ती कधीच पूर्ण भरत नाही, आणि जी आधीच भरलेली आहे ती ओव्हरचार्ज होऊन उकळते, पाणी उडवते. दोन्ही मरतात, एक उपाशी राहून आणि एक अति होऊन. टेप, एलईडी पट्ट्या, मोबाईल चार्जर, लाऊडस्पीकरचा अँप्लिफायर, सगळे असेच मधून काढलेले सापडतात. उपाय अवघड नाही. २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर मिळतो, तो दोन्ही बॅटऱ्यांवरून पूर्ण २४ घेतो, आणि तो चावीच्या लाईनवर, फ्यूज घालून लावायचा. कॅमेरा, ट्रॅकर, स्पीकर काहीही नवीन बसवलं की बसवणाऱ्यासमोर उभं राहून सप्लाय कुठून घेतला हे बघा, बिल नंतर द्या.

आणि २४ च्या गाडीत एक नवीन आणि एक जुनी बॅटरी असं करू नका. पैसे वाचत नाहीत, नवीन बॅटरी जुनीच्या चालीने जाते. बदलायच्या तर दोन्ही, एकाच कंपनीच्या, एकाच क्षमतेच्या, एकाच वेळी.

उभ्या गाडीत करंट किती जातो ते मोजणं हा या सगळ्यातला मुख्य भाग. डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर असेल तर सोपं, निगेटिव्ह केबलभोवती लावला की झालं (साधा एसीचा क्लॅम्प चालत नाही, घेताना विचारून घ्या). नसेल तर मल्टिमीटर १० अँपिअरच्या सॉकेटवर लावून निगेटिव्ह टर्मिनल आणि सुटी केलेली निगेटिव्ह केबल यांच्या मध्ये जोडायचा. मीटर असा मध्ये असताना चावी फिरवायची नाही, सेल्फ तर अजिबात नाही, मीटरचा फ्यूज लगेच जातो. दरवाजे बंद, केबिनचा दिवा बंद, डिकीचा दिवा बंद. नवीन गाड्यांत ईसीयू वगैरे झोपायला वेळ घेतात म्हणून अर्धा तास तसंच राहू द्या आणि मग आकडा वाचा. ५० मिलिअँपिअरपर्यंत ठीक. ट्रॅकर असेल तर थोडं जास्त धरून चाला. पण ०.२, ०.३, ०.५ असं काही दिसलं तर चोर सापडला, आता घर शोधायचं. फ्यूज बॉक्समधला एकेक फ्यूज काढत जा, ज्या फ्यूजला आकडा धपकन खाली येईल ती लाईन. सगळे फ्यूज काढूनही आकडा खाली येत नसेल तर दोन शक्यता, कुणीतरी फ्यूज बॉक्स सोडून थेट बॅटरीवरून वायर घेतलीय, नाहीतर अल्टरनेटर.

काही इलेक्ट्रिशियन केबल टर्मिनलला टेकवून ठिणगी बघतात आणि म्हणतात लीकेज आहे. ते करू देऊ नका. एक तर आजच्या गाडीत ईसीयूचे कपॅसिटर भरताना चांगल्या गाडीतही ठिणगी येते, त्यामुळे कळत काहीच नाही, आणि दुसरं म्हणजे बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो, तिच्या तोंडाशी ठिणगी पाडायची नसते. डोळे जातात माणसाचे.

अल्टरनेटरचा डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) लीक असेल तर त्याची एक साधी खूण आहे. गाडी रात्रभर उभी आहे, इंजिन थंडगार आहे, आणि अल्टरनेटरच्या बॉडीला हात लावला तर ती कोमट लागते, तर बॅटरी त्यातूनच उतरतेय. शाळेच्या बसला हे होण्याचं एक खास कारण आहे, ते म्हणजे पासिंग. सुट्टीतच आपण गाडी आरटीओच्या पासिंगला तयार करतो, पत्रा गंजला, पायरी तुटली, सीटचा पाया हलतोय, म्हणून वेल्डिंगवाल्याकडे नेतो आणि तो बॅटरी न सोडता सरळ चासीला अर्थ लावून वेल्डिंग करतो. त्यात अल्टरनेटरचे डायोड जातात, कधी ईसीयू जातो, आणि ते त्या दिवशी कळत नाही, शाळा सुरू झाल्यावर कळतं. वेल्डिंगच्या आधी बॅटरीच्या दोन्ही केबल सोडायच्या, ईसीयू असेल तर त्याचा सॉकेट काढायचा, आणि वेल्डिंगची अर्थ काम चाललंय त्याच्या जवळच लावायची. हे गॅरेजवाल्याला सांगून सोडून देऊ नका, आपला माणूस तिथे थांबवा.

डायोड जायचं अजून एक कारण म्हणजे इंजिन चालू असताना मेन कटऑफ स्विच बंद करणं. काही ड्रायव्हरांना सवय असते. आधी इंजिन बंद, मग स्विच. बीएस ६ गाडीत तर चावी बंद केल्यावरही लगेच कटऑफ मारायचा नाही, डीईएफची (धूर स्वच्छ करणाऱ्या युरियाच्या पाण्याची) सिस्टीम आपली नळी रिकामी करत असते, त्यासाठी थोडा वेळ द्यावा लागतो, किती ते गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं, ते वाचा.

अल्टरनेटर चार्ज करतो का हे बघायला इंजिन सुरू करून रेस थोडी वाढवून बॅटरीवर मोजा, १२ च्या गाडीत १३.८ ते १४.४ आणि २४ च्या गाडीत २७.६ ते २८.८ यायला पाहिजे. कमी असेल तर आधी बेल्ट, मग वायर, मग अल्टरनेटर. जास्त असेल तर रेग्युलेटर, आणि ते लगेच करून घ्या कारण तो बॅटऱ्या उकळवून टाकतो.

केबल आणि अर्थिंगकडे लोक बघतच नाहीत. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी आली असेल तर गरम पाण्यात खायचा सोडा टाकून धुवा (झाकणं घट्ट लावून, सोडा आत जाता कामा नये), पुसून, घासून, घट्ट बसवून वरून व्हॅसलीन लावा. पण टर्मिनल चकाचक असूनही केबल आतून काळी पडलेली असू शकते. त्यासाठी एकाने सेल्फ मारायचा आणि दुसऱ्याने मीटरची एक तार बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटीवर, केबलच्या लगवर (टोकाच्या चिमट्यावर) नाही तर खुंटीवरच, आणि दुसरी सेल्फच्या जाड बोल्टवर लावायची. सेल्फ फिरत असताना १२ च्या गाडीत अर्ध्या व्होल्टच्या वर किंवा २४ च्या गाडीत एका व्होल्टच्या वर दिसलं तर त्या वाटेत कुठेतरी अडतंय. तसंच निगेटिव्ह खुंटी ते सेल्फची बॉडी. इंजिन ते चासी जी वेणीसारखी अर्थ पट्टी असते ती तुटलेली किंवा गंजलेली बऱ्याचदा सापडते, आणि सेल्फ मारताना क्लचची किंवा ॲक्सिलेटरची केबल गरम होत असेल तर समजा की अर्थ पट्टी गेलीय आणि करंट त्या केबलीतून वाट काढतोय. ही पट्टी काही फार महाग नाही आणि तिच्यापायी बॅटऱ्या बदलल्या जातात.

सेल्फ मारताना बॅटरीचं स्वतःचं व्होल्टेजही बघून घ्या. पूर्ण चार्ज असून एका बॅटरीचं ९.६ च्या खाली जात असेल तर ती बॅटरी दमलीय किंवा सेल्फ जाम होऊन जास्त खेचतोय. पाणी घालायची बॅटरी असेल तर हायड्रोमीटरने (ॲसिडची घनता मोजणाऱ्या नळीने) सहाही सेल बघा. पाच सेल १.२५ च्या आसपास आणि एक १.१५ वर, असा फरक दिसला की त्या बॅटरीवर अजून खर्च करू नका.

आता इंजिन फिरतंय पण पेटत नाही त्याबद्दल. सेल्फ मारताना सायलेन्सरकडे बघा. पांढरा धूर येतोय तर डिझेल आत जातंय. अजिबात धूर नाही तर डिझेल पोचतच नाहीये. जास्त दिवस उभ्या गाडीत कुठेतरी बारीक गळती असली की डिझेल टाकीकडे परत जातं आणि लाईन एअर घेते. हँड प्रायमर मारा, फिल्टरवरचा एअरचा स्क्रू ढिला करून बुडबुडे संपेपर्यंत मारा. फिल्टरखालचं पाणी सोडा, पावसाळ्यात तर हमखास निघतं. जुन्या गाड्यांत इंजिन बंद करायची ओढायची केबल असते, ती उभ्या उभ्या जाम होऊन बंदच्या जागी अडकते, सगळं तपासून झाल्यावर शेवटी हेच निघालंय असं पुष्कळदा झालंय, म्हणून हे आधी बघा. कॉमन रेल गाडीत (जिथे डिझेल एका नळीत, रेलमध्ये, प्रेशरने साठवून ईसीयू इंजेक्टर उघडतो) अजून एक गोष्ट, बॅटरी कमजोर असेल तर इंजिन फिरतं पण हळू फिरतं, रेलमध्ये प्रेशर बनत नाही आणि ईसीयू इंजेक्टर उघडतच नाही. तिथे बॅटरी चार्ज करूनच पुढे जा. आणि सेल्फ एका वेळी दहा सेकंदांच्या वर मारू नका, मध्ये मिनिटभर थांबा, नाहीतर बॅटरीबरोबर सेल्फही जळतो.

धक्का मारायचा विचार करत असाल तर एअर ब्रेकची बस उभी राहून हवा उतरलेली असते, स्प्रिंग ब्रेक लागलेले असतात, ती हलणारच नाही. आणि ईसीयूवाली गाडी बॅटरीत जीव नसेल तर ढकलूनही पेटत नाही.

जंपर (दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून करंट घ्यायच्या केबल) लावताना २४ च्या गाडीला २४ चीच गाडी. ट्रकवरून १२ व्होल्टच्या टेम्पोला जंपर दिला तर त्याची इलेक्ट्रॉनिक्स जळतील. आधी पॉझिटिव्हला पॉझिटिव्ह, मग चांगल्या गाडीचा निगेटिव्ह, आणि शेवटचा चिमटा उतरलेल्या बॅटरीवर न लावता बॅटरीपासून लांब इंजिनच्या किंवा चासीच्या कोऱ्या लोखंडावर. विडी-सिगारेट लांब. आणि एकदा सुरू झाली म्हणून काम झालं असं नाही, पूर्ण उतरलेली बॅटरी अर्ध्या तासाच्या फेरीत भरत नाही, काढून चार्जरला लावावीच लागते. १०० अँपिअर-तासाच्या बॅटरीला १० अँपिअरने दहा-बारा तास, मोकळ्या हवेत, आणि २४ च्या गाडीच्या दोन्ही बॅटऱ्या शक्यतो वेगवेगळ्या १२ च्या चार्जरवर, म्हणजे दोन्ही पूर्ण भरतात. पाणी डिस्टिल्डच, आणि चार्ज झाल्यावर घाला. चार्जच्या आधी प्लेटा उघड्या पडलेल्या असतील तर फक्त त्या बुडतील एवढंच घालून चार्जला लावा, वरपर्यंत भरलं तर चार्ज होताना उतू येतं.

बरेच जण सांगतात की सुट्टीत आठवड्यातून एकदा गाडी दहा मिनिटं सुरू करून ठेवा. उभ्या उभ्या आयडलवर अल्टरनेटर फार थोडं देतो, आठवडाभरात गेलेलं दहा मिनिटांत येत नाही, आणि इंजिन पुरतं गरम न झाल्याने ऑइलमध्ये पाणी धरतं ते वेगळंच. काढायचीच असेल तर पंधरा दिवसांतून एकदा वीस-पंचवीस किलोमीटर रस्त्यावर नेऊन आणा, टायर आणि ब्रेकलाही ते बरं. ते जमत नसेल तर शाळा सुटायच्या दिवशी बॅटऱ्या पूर्ण चार्ज करून घ्या, इंजिन बंद करून निगेटिव्ह केबल सोडून तिला कापड गुंडाळून बाजूला बांधा (सोडताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी), ट्रॅकर बंद पडणार असेल तर तो बघणाऱ्याला आधी कळवा, आणि स्टेअरिंगवर चिठ्ठी चिकटवा की केबल सोडलेली आहे. जमलं तर मे महिन्याच्या शेवटी एकदा व्होल्टेज बघा, १२.४ च्या खाली गेलं असेल तर रात्रभर चार्ज. शाळा उघडायच्या आठवडाभर आधी केबल जोडून गाडी काढा, आदल्या दिवशी नाही, म्हणजे काही निघालंच तर फिटर बोलवायला वेळ असतो, कारण त्या आठवड्यात तालुक्यातल्या सगळ्या बस त्याच एका फिटरच्या दारात उभ्या असतात.